सातवीच्या पुढे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला मी आतल्या खोलीत फराळाच्या बश्या भरीत असते. या वर्षी चिटणीसबाई म्हणाल्या, "काकू, फोनवरून शिकण्याविषयी तुम्हीच चार शब्द बोला." मला भाषणाची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्यावे.

बोलण्यापूर्वी एक कबुली द्यायची आहे. बारा वर्षांपूर्वी मी या मंडळाची सभासद झाले, तेव्हा नोंदवहीत लिहिण्यासाठी मला शिक्षण विचारले. माझ्या पुढच्या दोघीजणी बी. ए. झालेल्या होत्या. माझ्या तोंडून "दहावी" असे निघून गेले. भगिनींनो, ते खरे नव्हते. मी सातवी पास आहे.

माझे माहेर धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या एका लहान गावी. गावात जिल्हा परिषदेची शाळा होती, ती सातवीपर्यंत. 1994 साली मी सातवी झाले. हायस्कूल लांबच्या गावी, एस. टी. दिवसातून दोनदा आणि घरी धाकटी भावंडे. आई म्हणाली, "शिकीसन काय करशी, माय?" तिला बोल लावीत नाही. तिला स्वतःची सहीसुद्धा येत नव्हती. पुढे लग्न होऊन जळगावला आले आणि संसारात पाटी कुठल्या कुठे गेली.

मग 2020 साल आले. शाळा बंद झाल्या. धाकटा मुलगा तेव्हा आठवीत होता. घरात चांगला फोन एकच. त्याचे वडील डाळ मिलमध्ये कामाला जाताना फोन घरी ठेवून जात. एके दिवशी मुलगा म्हणाला, "आई, तू दहावी झालीस ना? मग हे बैजिक राशींचे अवयव कसे पाडायचे ते सांग." मी म्हटले, "पोळ्या राहिल्यात माझ्या." आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. पोळ्या केव्हाच झालेल्या होत्या.

त्या रात्री सगळे निजल्यावर मी त्याचे पुस्तक उघडले. बालभारतीच्या पुस्तकात चौकोनी ठिपक्यांचे चित्र असते, त्याला क्यू. आर. कोड म्हणतात. त्यावर फोन धरला की धडा शिकवणारे गुरुजी पडद्यावर येतात. मी तो धडा चार वेळा ऐकला. वर्गात चार वेळा विचारायची लाज वाटली असती. फोन रागावत नाही, हसत नाही आणि तुमची इयत्ता विचारत नाही. माझी आठवी अशी सव्वीस वर्षांनी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी मुलाला अवयव पाडून दाखवले आणि सातवीची गोष्टही सांगून टाकली. तो नुसता म्हणाला, "मग आपण दोघे एकाच वर्गात."

हे ठिपके पुस्तकात कुठून आले? सोलापूर जिल्ह्यात परितेवाडी नावाचे गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींनी हा प्रयोग आधी आपल्या वर्गात केला, पुढे तो राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आला. 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अखेरच्या फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

आमच्या गल्लीत काही घरांत फोन नव्हता. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. तेव्हा पाच-सहा मुले माझ्या ओट्यावर जमू लागली. दूरदर्शनचा संच मी दाराशी ओढून घेतला. तिथे मला एक गोष्ट उमगली. पडद्यावरच्या ताई छान शिकवीत, पण मुले चुळबुळ करीत. त्यांचे प्रमाण मराठी आमच्या अहिराणी बोलणाऱ्या मुलांच्या कानांवरून जाई. टक्केवारी काही केल्या कळेना. मी म्हटले, "तुमच्या आया बचतगटातून कर्ज घेतात ना? शंभर रुपयांना महिन्याला दोन रुपये व्याज. ती दोन टक्केवारी. आता पाचशेला किती?" सगळी एकदम ओरडली, "दहा!" यंत्राने धडा घरापर्यंत आणला, पण तो डोक्यात जायला जवळ बसणारे माणूस लागले.

पुढे एका शिक्षिकाबाईंनी सांगितले की, यंत्राच्या साह्याने कसे शिकवावे याचे एक शास्त्रच आहे. त्याला शैक्षणिक तंत्रज्ञान म्हणतात. महर्षी कर्व्यांनी 1916 साली काढलेल्या महिला विद्यापीठात, म्हणजे आजच्या एस. एन. डी. टी. मध्ये, त्याचा स्वतंत्र विभाग आहे. पदवी झाल्यावर तिथे पुढचे शिक्षण घेता येते. ते शब्द माझ्या मनात घर करून बसले. मला तेच शिकायचे आहे.

पण वाट लांब आहे. आधी दहावी. त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते, पाचवी पास असले तरी चालते. मग दोन वर्षांनी बारावी. त्यानंतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवी. हे विद्यापीठ 1989 साली निघाले ते घरी, कामावर राहून शिकणाऱ्यांसाठीच. त्यानंतर ते शास्त्र. हिशेब केला तर सात-आठ वर्षे होतात. आमचे हे म्हणाले, "अगं, तोवर पन्नाशी उलटेल." सासूबाई शेंगा सोलीत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "पन्नाशी तं तशीबी येनारच शे." त्यावर कोणी काही बोलले नाही.

फोन इयत्ता विचारत नाही, पण फॉर्म विचारतो. शाळा सोडल्याचा दाखला हवा, म्हणून भावाबरोबर माहेरच्या शाळेत गेले. गुरुजींनी जुने रजिस्टर काढले. माझ्या नावापुढे लिहिले होते : प्रगती चांगली, वागणूक चांगली. भगिनींनो, मला रडू आवरेना. वर्गात भिंतीवर मोठा पडदा होता. नोकरीनिमित्त अमेरिकेत गेलेल्या धुळ्याच्या हर्षल विभांडिक यांनी आमच्या जिल्ह्यात गावोगाव फिरून लोकवर्गणीतून शाळा डिजिटल करण्याची मोहीम चालवली, हे मी ऐकून होते. आमच्या गावचा पडदाही वर्गणीतूनच आलेला. गरीब गावाने पोरांसाठी खिशात हात घातला, याचा मला अभिमान वाटला.

काही जणी मला म्हणतात, "बहिणाबाई कुठे शाळेत गेल्या होत्या?" खरे आहे. आपल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना (1880–1951) अक्षरओळख नव्हती. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पण त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि घरच्या मंडळींनी ऐकून लिहून ठेवली, म्हणून 1952 साली ती पुस्तकात आली. जवळ बसून टिपून घेणारे कोणी नसते, तर ती जात्याबरोबरच विरून गेली असती. आपल्यापैकी किती जणींचे शहाणपण असे विरून गेले असेल?

मी फॉर्म भरला आहे. परीक्षेचे नुसते नाव काढले तरी पोटात गोळा येतो. मुलीच्या वयाच्या पोरींबरोबर बाकावर बसावे लागेल. इंग्रजीची भीती आहे. नापास झाले तर पुन्हा बसेन, पण खोटे सांगणार नाही.

चिटणीसबाईंना माझी विनंती आहे की, नोंदवहीतली 'दहावी' खोडून माझ्या नावापुढे 'सातवी' लिहावे. पास झाले की मी स्वतः येऊन ते बदलून घेईन. आणि दर गुरुवारी दुपारी तीन ते चार मी फोन आणि पुस्तक घेऊन याच सभागृहात बसणार आहे. जिची शाळा चौथीत सुटली, सातवीत सुटली किंवा जी कधी शाळेत गेलीच नाही, तिने माझ्याजवळ येऊन बसावे. कोणी इयत्ता विचारणार नाही.