आजीच्या न सांगितलेल्या दुखण्याबद्दल



मैत्रिणींनो, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, आणि आज मला तुमच्या आज्यांबद्दल बोलायचं आहे. आजच्या कार्यक्रमात नातीचा नाच बघायची हौस असूनही काही जणी घरीच थांबल्या असतील. कारण खोकला आला, शिंक आली, की लघवी होते. काहींना लागली की मोरीपर्यंतही धीर धरवत नाही. हे त्या लेकीलाही सांगत नाहीत. बाहेर जायचं असलं की सकाळपासून पाणीच पीत नाहीत.

हे पाणी तोडणं मला फार सलतं. त्यानं लघवी दाट होते, मूत्राशय चुरचुरतं आणि घाई आणखी वाढते. शौचाला खडा होतो तो वेगळाच.

पाणी तोडण्यापेक्षा लक्ष द्यायचं ते वजनाकडे. पोटाच्या चरबीचा भार मूत्राशयावर आणि त्याला खालून तोलणाऱ्या स्नायूंवर सतत पडतो. अमेरिकेत वजन जास्त असलेल्या ३३८ स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आहार आणि व्यायामानं सहा महिन्यांत ज्या गटाचं वजन सरासरी ८ टक्के उतरलं, त्यांचे लघवी सुटण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी घटले. नुसती माहिती मिळालेल्या गटाचे २८ टक्क्यांनी. सत्तर किलोच्या बाईला ८ टक्के म्हणजे जेमतेम साडेपाच किलो!

पण त्यासाठी आजीला उपास घडवू नका. साबुदाण्याच्या खिचडीनं वजन उतरत नाही, आणि उपाशी राहिल्यानं या वयात स्नायू झिजतात. भात थोडा कमी, उसळ, वरण, पालेभाजी आणि ताक जास्त. चालत असेल तर अंडं. तळलेलं क्वचित. चहा कमी, संध्याकाळनंतर नकोच. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल, तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

आजी मुळात बारीक असेल, तर वजनाला हात लावू नका, स्नायूंचा व्यायाम करवून घ्या. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, ते आवळून पाच आकडे मोजायचे आणि सैल सोडायचे. असं दहादा, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने. हा व्यायाम सगळ्याच आज्यांना शिकवा.

लघवीत रक्त दिसलं, जळजळ झाली किंवा अंग बाहेर येत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखान्यात न्या. सोबत तुमच्यापैकीच कुणीतरी जा. मुलासमोर ती यातलं काही बोलणार नाही.