जुन्या गावाच्या कागदावर आपली सही
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून आठवणींचा भरपूर फराळ झाला. कोणाला कोणत्या तासाला बाकावर उभे केले होते, त्याचाही हिशेब पूर्ण झाला. आता थोडे वेगळे बोलण्याची परवानगी घेतो. विषय आपल्या गावाचा आहे आणि आपल्या वयाचाही आहे.

आपण सगळे पन्नाशी ओलांडलेले. आई-वडिलांची घरे आपल्या नावावर झाली आहेत किंवा होण्याच्या बेतात आहेत. कोणी पुण्यात, कोणी संभाजीनगरला, कोणी अमेरिकेत. जुन्या गावातल्या वाड्याला कुलूप, किल्ली एका भावाकडे आणि मालमत्ता पत्रकावर पाच नावे. या वाड्याचे काय करायचे, त्या कागदावर सही करणारी पिढी आपली आहे. आपल्या आजोबांपुढे हा प्रश्न नव्हता, कारण ते त्या घरात राहत होते. आपल्या मुलांपुढेही तो येणार नाही, कारण तोपर्यंत निकाल लागलेला असेल. म्हणून हे बोलणे आजच, तुमच्यापुढेच करायचे.

आपल्या गावाच्या नावातच इतिहास आहे. जुन्या गॅझेटियरात या गावाचे आधीचे नाव देवळवाडी असे आढळते. पुढे सिंदखेडच्या जाधव राजांमुळे ‘राजा’ हे बिरूद लागले. सिंदखेड राजा, किनगाव राजा, आडगाव राजा, मेहुणा राजा आणि आपले देऊळगाव राजा ही सगळी एकाच घराण्याची नाममुद्रा. गावाला ओळख दिली ती बालाजी महाराजांनी, आणि त्या देवस्थानाशी राजे जगदेवराव जाधवांचे नाव जोडलेले आहे. याच गावात जुनी जैन मंदिरे आहेत, आमना नदीचा काठ आहे, पेठेतली सागवानी घरे आहेत. तालुक्यातल्या मेहुणा राजाला संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानतात. एवढे आपण लहानपणापासून ऐकलेले आहे.

शेजारच्या सिंदखेड राजाला जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजी झाला. दरवर्षी त्या दिवशी तिथे लाखो लोक जमतात. तिथल्या राजवाड्याकडे, लखुजीराजांच्या समाधीकडे, मोती तलावाकडे सरकारचे आणि समाजाचे लक्ष आहे. २०२४ मध्ये समाधीच्या जतनाचे काम सुरू असताना पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या माणसांना जमिनीत दगडांची ओळ दिसली. खोदत गेल्यावर शिवमंदिराचा पाया लागला. आणखी खाली, सव्वादोन मीटरच्या सुमारास, शेषशायी विष्णूची मूर्ती मिळाली. लक्ष्मी पाय चुरते आहे आणि सोबत समुद्रमंथनाचा देखावा कोरलेला आहे. मूर्ती १.७० मीटर लांब आणि एक मीटर उंच आहे.

ही मूर्ती मिळाली, कारण काम करणाऱ्यांनी दगडांची ओळ पाहिल्यावर हात थांबवला. तिथे जेसीबीने पाया खणला जात असता, तर ते दगड ट्रॉलीत भरून गेले असते. आपल्याकडे नवे घर बांधताना पाया कसा खणतात, हे तुम्हाला माहीत आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची जुनी वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, असा कायदा १८७८ पासून आहे. किती जणांना तो ठाऊक आहे?

कायद्याचीच गोष्ट निघाली म्हणून सांगतो. केंद्राचा स्मारकांचा कायदा १९५८ चा, राज्याचा १९६० चा. पण हे कायदे संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या वास्तूंनाच लागू पडतात. तुमच्या-माझ्या वाड्याला, गल्लीतल्या मारुतीच्या पाराला, शेतातल्या बारवेला आपोआप संरक्षण मिळत नाही. त्यांचा राखणदार म्हणजे त्यांचा मालक, आणि गाव.

मग गाव एखादी गोष्ट राखू शकते का? शकते. त्याचा पुरावा दर आश्विनात आपल्यासमोर उभा राहतो. बालाजीच्या यात्रेतला लाठा मंडप आठवा. उंचच उंच सागवानी लाठा, त्यांना बांधलेले दोर, वर चढवलेले मंडपवस्त्र आणि दोर ओढणारे शेकडो हात. दोर कोणी धरायचा, गाठ कशी मारायची, हे पुस्तकात वाचून कोणी शिकलेले नाही. बापाने मुलाला शेजारी उभे करून शिकवले. यात्रा संपली की मंडप उतरतो, म्हणजे दरवर्षी तो नव्याने उभारावाच लागतो. त्यामुळे दरवर्षी शिकणारे तयार होतात.

जपानमध्ये इसे येथे एक प्राचीन मंदिर आहे. ते लाकडी मंदिर दर वीस वर्षांनी, त्याच पद्धतीने, नव्याने बांधतात. २०१३ मध्ये ते बासष्टाव्यांदा बांधले. तिथले सुतार संपत नाहीत, कारण वीस वर्षांनी काम येणार हे ठरलेले असते. आपला मंडप त्याच जातीचा आहे, आणि आपला तर दरवर्षीचा.

आता हाच न्याय आपल्या घरांना लावा. धाब्याचे घर शंभर-दीडशे वर्षे टिकले ते कशावर? मृगाआधी वर चढून पांढरी माती पसरायची, चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या. भिंतीत उगवलेले पिंपळाचे रोप बोटाएवढे असतानाच काढायचे. वर्षातले दोन दिवसांचे काम. ते ज्या वर्षी थांबले, त्या वर्षापासून घराचे वय मोजायला लागा. पहिल्या पावसाळ्यात ओल येते, मग तुळईचे टोक भिंतीत कुजते, वाळवी लागते, पाच-सात वर्षांत एक खण बसतो. मग इंजिनिअर येऊन ‘धोकादायक’ म्हणतो. तो खोटे बोलत नाही. पण वाडा म्हातारा झाला म्हणून पडला असे आपण म्हणतो, ते मात्र खरे नसते. दोन दिवसांचे काम करायला कोणी उरले नाही, म्हणून तो पडला.

दुसरा धोका उलट्या बाजूने येतो. तो पैशातून आणि श्रद्धेतून येतो. देवळाला वर्गणी जमते, आणि जुन्या चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा, खाली गुळगुळीत फरशी, कोरीव दगडावर ऑइलपेंट. हेतू चांगला असतो. पण चुन्याची भिंत श्वास घेते. आत शिरलेली ओल ती बाहेर सोडते. वरून सिमेंट थापले की ओल आतच कोंडते, लोणा लागतो आणि जुन्या विटेचा भुगा होतो. चार-पाच वर्षांनी गिलावा पोपड्यांनी सुटतो, तेव्हा आपण आणखी सिमेंट लावतो. आपले पूर्वज चुना भिजवून, घाणीत मळून, त्यात विटांची भुकटी, गूळ, बेलफळाचा गर घालून वापरत. हे काम करणारे गवंडी आता थोडे आहेत, पण महाराष्ट्रात अजून आहेत. जीर्णोद्धाराची वर्गणी ठरवताना ‘गवंड्याला चुन्याचे काम येते का’ एवढा एकच प्रश्न विचारला, तरी अर्धे नुकसान टळेल.

आता तुमच्या मनातला आक्षेप मीच मांडतो. “बोलायला सोपे आहे. त्या वाड्यात राहून दाखवा. जिना अंधारा, न्हाणीघर परसात, उंदीर-घुशी, आणि म्हाताऱ्या आईला रात्री उठायचे तर उंबरे किती!” हे सगळे खरे आहे. जी वहिनी त्या घरात रोज केर काढते, तिच्या मताशिवाय पुण्यात बसून वारसा जपा असे सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. म्हणून माझे म्हणणे संग्रहालय करा असे नाही. मागच्या बाजूला नवी न्हाणी, नवे स्वयंपाकघर बांधा, वीज नीट फिरवा. दर्शनी दरवाजा, ओसरी, चौक आणि सागवानी खण ठेवा. आणि ज्याला पाडावेच लागणार आहे, त्याने पाडण्याआधी मोजमापे आणि फोटो घ्यावेत. कोरलेले खांब जळाऊ लाकडाच्या भावाने देऊ नयेत.

वास्तू वापरात राहिली की टिकते. पुण्याचा विश्रामबागवाडा पेशवाई गेल्यावर ओस पडायचा, पण १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. पुढे शाळा, टपाल कचेरी, नगरपालिका असे भाडेकरू बदलत गेले आणि वाडा उभा राहिला. आपल्याकडचा एखादा बंद वाडा मुलींची अभ्यासिका झाला, तर बाहेरगावच्या भावंडांनाही सही करताना हात जड होणार नाही.

म्हणून या मेळाव्यापुढे चार कामे ठेवतो. चारही आपल्या आवाक्यातली आहेत.

पहिले काम यादीचे. प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या एका जुन्या वास्तूची एक पानभर माहिती लिहावी. वाडा, देऊळ, मशीद, दर्गा, बारव, पार, काहीही चालेल. सोबत चार फोटो हवेत. गल्लीतल्या सर्वांत वयस्कर माणसाशी आधी बोला. इमारत थांबेल, ते थांबणार नाहीत.

दुसरे काम कागदांचे. घरोघरी पेटीत मोडीतले कागद आहेत. ते रद्दीत देऊ नका आणि लॅमिनेशनही करू नका, त्याने कागद कायमचा बाद होतो. फोटो काढा, सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा.

तिसरे काम मृगाआधीचे. दरवर्षी मे महिन्यात सुट्टीला येणाऱ्यांनी एक रविवार द्यावा. गच्च्या, पन्हाळी, भिंतींतली रोपे एवढेच करायचे. शाळेतली मुले सोबत घेऊ, म्हणजे मंडपाच्या दोरासारखे हेही हातातून हातात जाईल.

चौथे काम नगरपालिकेकडचे. राज्याच्या २०२० च्या विकास नियंत्रण नियमावलीत वारसा वास्तूंसाठी तरतूद आहे. पण यादीत काय घालायचे, हे गावानेच सुचवावे लागते. आपली पहिली यादी तयार झाली की तीच घेऊन आपण सगळे मिळून जाऊ. एकट्याचा अर्ज फायलीत राहतो, पण माजी विद्यार्थ्यांचा आणि त्यांच्या गुरुजनांचा मिळून आला तर उत्तर द्यावे लागते.

या सभागृहातच कोणाकडे वाटणीचा कागद तयार असेल. त्याला सही करू नकोस असे मी म्हणत नाही. भावंडांना एकदा फोन कर, सगळे मिळून एक दिवस त्या घरात जाऊन बसा, आणि मग ठरवा. आपल्या गुरुजनांनी आपल्याला उत्तर लिहिण्याआधी प्रश्न दोनदा वाचायला शिकवले. इथेही तेवढेच करू या.

पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येकाने आपले एक पान आणावे, ही विनंती. कोऱ्या वहीचा खर्च माझ्याकडे.