दुखणं थांबलं म्हणजे आजार संपला नाही
(रेणापूर येथील भाषणाचा मजकूर)



आज पोटाच्या एका आजाराबद्दल बोलायचं आहे. नाव आहे क्रोन्स. 1932 साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या डॉ. क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहाइमर यांनी त्याचं वर्णन केलं. आपल्याकडे मात्र अजूनही बहुतेकांनी हे नाव ऐकलेलं नसतं.

या आजारात शरीराची संरक्षण व्यवस्था आपल्याच आतड्यावर उलटते. बहुतेकदा तरुण वयात सुरुवात होते. पोटात कळा, महिनोन्‌महिने जुलाब, वजन घटणं, अंगात कसर. मग काही दिवस बरं वाटतं. घरचे म्हणतात, गेलं दुखणं. गोळ्या बंद होतात. नेमका इथेच घात होतो.

कारण राखेखाली निखारा धुमसतच असतो. सुरुवातीला आतड्याला फक्त सूज आणि व्रण असतात. जखम भरताना कातडी आखडते, तसं आतडंही आखडतं. वाट अरुंद होते, जेवलं की पोट फुगतं, उलट्या होतात. काहींच्या आतड्याला आरपार छिद्र पडून पू साचतो, गुदद्वाराशी भगंदर होतं. पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्यांत 20 वर्षांत साधारण निम्म्या रुग्णांवर ही वेळ आली. खराब भाग कापून काढला, तरी जोडाच्या जागी आजार परत येऊ शकतो.

आपल्या देशात आणखी एक पेच आहे. आतड्याचा टीबी अगदी असाच दिसतो. दुर्बिणीतून पाहूनही कधी कधी फरक कळत नाही. म्हणून अनेकदा आधी टीबीच्या गोळ्या देतात. त्यात गैर काही नाही, कारण टीबी असताना स्टिरॉइड दिलं तर टीबी भडकतो. पण दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: ‘व्रण भरले का, ते पुन्हा दुर्बिणीने बघायचं का?’ टीबी असेल तर व्रण भरू लागतात. क्रोन्स असेल तर थोडा आराम वाटतो, व्रण मात्र तसेच राहतात. असं असताना टीबीचाच कोर्स पुन्हा पुन्हा करत बसलं, तर आखडणं पुढे जात राहतं.

स्टिरॉइडने चटकन बरं वाटतं, पण ते कायमचं औषध नव्हे. आजार दाबून ठेवणारी औषधं वेगळी आहेत. ती वर्षानुवर्षं, रक्त तपासत घ्यावी लागतात. शौचाच्या कॅलप्रोटेक्टिन तपासणीने आतली सूज लक्षणांआधी कळू शकते. बिडी-सिगारेटने हा आजार बळावतो, ती सोडाच. रोजा असो की एकादशी, उपास करायचा तर गोळ्यांच्या वेळा आधी डॉक्टरांशी बोलून ठरवा. आजारी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा आहेच.

शेवटचं, आयाबहिणींसाठी. मुलीच्या लग्नात अडचण नको म्हणून तिचा आजार लपवला जातो, तिचे कागद आणि गोळ्याही लपवल्या जातात. आजार आटोक्यात असेल तर ती नोकरी करू शकते, संसार करू शकते, आईही होऊ शकते. हे सगळं औषधावर अवलंबून आहे. लातूर इथून जवळ आहे. तपासणीचे सगळे कागद एका पिशवीत घाला आणि तिला घेऊन जा.