आधी ऐका, मग सॉफ्टवेअर बनवा



तुमच्यापैकी बरेच जण संगणकाचं शिक्षण घेत आहेत. शाळांसाठी, क्लासेससाठी एखादं ॲप काढावं, असंही काहींच्या मनात आहे. मी आज कोडिंगबद्दल बोलणार नाही, ऐकण्याबद्दल बोलणार आहे. घरच्यांची शिल्लक घालून, वर्षभर रात्री जागून बनवलेलं ॲप कुणी वापरलंच नाही, तर पैसा जातो आणि घरच्यांचा विश्वासही जातो. मग धाकट्या बहिणीला काही करायचं असलं, तर तिला घरात विचारायचीही सोय राहत नाही.

अमेरिकेतलं एक उदाहरण बघा. ब्रेट कॉफ या तरुणाला डिस्लेक्सिया होता, एकाग्र होणंही जड जायचं. परीक्षा कधी, असाइनमेंट कधी द्यायची, हे लक्षात राहत नसे. म्हणून त्याने भाऊ डेव्हिडसोबत विद्यार्थ्यांना मोबाईलवर आठवण करून देणारी सोय बनवली. ती काही रुजली नाही. २०११ मध्ये दोघे 'इमॅजिन के-१२' या कॅलिफोर्नियातल्या उपक्रमात गेले. तिथे ब्रेटने सुमारे २०० शिक्षकांशी बोलून घेतलं. शिक्षकांना मुलांशी आणि पालकांशी मेसेजवर संपर्क हवा होता. पण स्वतःचा नंबर द्यायचा नव्हता आणि मुलांचे नंबर स्वतःकडे ठेवायचे नव्हते. त्यातून 'रिमाइंड' उभं राहिलं. शिक्षकाने वर्गाचा कोड द्यायचा, मुलांनी-पालकांनी त्यावर जोडून घ्यायचं, कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही. पुढे ते लाखो लोकांपर्यंत पोचलं.

ब्रेटची अडचण खरी होती. पण ती सोडवण्याची चावी शिक्षकाच्या हातात होती, आणि ते शिक्षकांशी बोलल्यावरच कळलं.

आता आपण कसं ऐकायचं? शाळेत जाऊन "सर, असं ॲप काढलं तर वापराल का?" असं विचारू नका. सर म्हणतील, "वा, छान आहे!" आपल्याकडे समोरच्या पोराचं मन कुणी मोडत नाही. त्याऐवजी घडून गेलेलं विचारा. मागच्या चाचणीचे गुण कसे भरले? किती वेळ गेला? घरी नेऊन भरले का? पालकांना निरोप कसा दिला, किती जणांनी वाचला? या त्रासावर आधी काही उपाय केला होता का, त्याला पैसे मोजले होते का? ज्या त्रासावर माणसाने कधी वेळ किंवा पैसा घातलेला नाही, त्यासाठी तो तुमचं सॉफ्टवेअर विकत घेईल, ही आशा धरू नका. बोलताना लॅपटॉप बंद ठेवा. आपण कमी बोला, आणि सर जसं बोलतील तसं त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा.

दुसरी गोष्ट, वापरणारा आणि पैसे देणारा एकच असेल असं नाही. वापरणार शिक्षिका, परवानगी देणार मुख्याध्यापक, चेकवर सही करणार संस्थेचे सचिव, आणि फी भरणारे पालक. चौघांनाही भेटा. 'क्लासडोजो' हे सॉफ्टवेअर शिक्षकांना फुकट दिलं गेलं आणि पुढे जादा सोयींसाठी पालकांकडून पैसे घेतले गेले. तुमच्या धंद्यात पैसा कुठून येणार, हे पहिल्याच महिन्यात शोधा.

आणि एक भांडवल तुमच्याकडे आहे. तुमच्यापैकी कित्येक जण घरात उर्दू किंवा दखनी बोलतात आणि बाहेर मराठी. बालभारती उर्दूतही पाठ्यपुस्तकं काढते, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळाही आहेत. तिथल्या बाईंना उर्दूत प्रश्नपत्रिका टाइप करताना काय त्रास होतो? उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या ओळीत मधेच गणिताचं समीकरण आलं की काय होतं? मुलाच्या आईला निरोप लिहून हवा की आवाजात? हे तुम्ही त्यांच्या भाषेत, त्यांच्या अंगणात बसून विचारू शकता. आईशी बोलायला बहिणी गेल्या तर ती अधिक मोकळेपणाने सांगेल, म्हणून टीममध्ये मुली हव्यातच.

या महिन्यात दहा जणांना भेटा. एकच तक्रार सहा-सात जणांकडून आली, तर आधी ते काम कागदावर किंवा साध्या एक्सेलमध्ये करून द्या. त्यासाठी थोडे पैसे मागा. कुणी दिले, तर कोड लिहायला बसा. कुणीच दिले नाहीत, तर तुमचा फक्त एक महिना गेला, घरची शिल्लक शाबूत आहे. पुढच्या महिन्यात दुसरे दहा जण.