अर्जातील इंग्रजी आणि उंबऱ्याआतले शब्द
(विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



हा विषय मंडळाने मजकडे का सोपविला, हे प्रथम सांगितले पाहिजे. मी इंग्रजीचा पंडित नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. इंग्रजीची मुळाक्षरे मी पाचवीत गिरविली, आणि इ. स. २००० पासून आपल्या राज्यात पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा तीच मुळाक्षरे सहा वर्षांच्या बालकांना शिकविली. परंतु गेली काही वर्षे आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीकडे येणारे अर्ज वाचण्याचे काम मजकडे आहे. परगावी वा परदेशी जाऊ इच्छिणारी मुले विद्यापीठास किंवा एखाद्या न्यासास लिहिलेल्या इंग्रजी पत्राची प्रत सोबत जोडतात. गुण उत्तम, चिकाटी वाखाणण्याजोगी; आणि पत्र मात्र असे, की वाचणाऱ्या परक्या गृहस्थास त्या मुलाची योग्यता निम्मीच वाटावी. तो गृहस्थ मुलाला पाहत नाही, त्याच्या मातापित्यांनी उपसलेले कष्ट पाहत नाही. त्याच्यापुढे असतो तो एक कागद.

शब्द मुळातच वाईट असतो, असे मात्र माझे म्हणणे नाही. आपण आईला प्रेमाने ‘ए आई’ म्हणतो. मामलेदारास लिहिताना ‘ए साहेब’ असा प्रारंभ कोणी करीत नाही. शाळेत एखादे मूल ‘पानी’ म्हणाले की वर्ग हसे. मी त्या हसणाऱ्यांना उभे करीत असे. त्या मुलाच्या घरी तोच शब्द शुद्ध होता. त्याला ‘पाणी’ लिहावयास शिकविणे माझे कर्तव्य; त्याला त्याच्या आजीच्या बोलीची लाज वाटावयास लावणे हे पाप. इंग्रजीचेही तसेच आहे. तेथील घरगुती शब्द घरात शोभतात, अर्जात नाहीत.

आता प्रत्यक्ष शब्दांकडे वळू. सर्वांत अधिक आढळतात ती जोडरूपे : ‘डोन्ट’, ‘कान्ट’, ‘आयॅम’. बोलताना ती निर्दोष आहेत. औपचारिक लेखनात ‘डू नॉट’, ‘आय ॲम’ असे पूर्ण लिहावे. ‘कॅनॉट’ हा मात्र एकच शब्द म्हणून जोडून लिहावयाचा, हे विसरू नये. यांच्याही पुढची पायरी म्हणजे ‘गॉना’ आणि ‘वॉना’. ‘गोइंग टु’ आणि ‘वाँट टु’ यांची ही केवळ जिभेवरची रूपे. पूर्वी आपण इंग्रजी डोळ्यांनी शिकत होतो, म्हणून उच्चार चुकत व लेखन बरे असे. आजची मुले चित्रपट पाहून कानांनी शिकतात. उच्चार सुधारले आहेत, लेखनात मात्र कानावर पडलेले जसेच्या तसे उतरते. ‘शुड हॅव्ह’ घाईत उच्चारले की ‘शुड ऑफ’ असे ऐकू येते. तसेच लिहिले की तो व्याकरणाचा दोष होतो. खुद्द इंग्रजी मातृभाषा असलेली मुलेही हा दोष करतात, एवढेच आपले समाधान!

‘किड्स’ हा शब्द यंदा अनेक पत्रांत आढळला. किड म्हणजे मूळचे बकरीचे करडू. मुलांना लाडाने तसे म्हणतात, ते म्हणोत. पण ‘मी वस्तीतील करडांना शिकविले’ असा ध्वनी आपल्या सेवाकार्याच्या वर्णनात कशाला? ‘चिल्ड्रेन’ हा साधा शब्द आहे. ‘गाइज’, ‘स्टफ’, ‘ऑसम’ यांची तीच गत. ‘अ लॉट’ हे दोन शब्द जोडून एक करणे तर सरळ अशुद्ध. आणि सुटे लिहिले तरी औपचारिक लेखनात ‘मेनी’ किंवा ‘मच’ अधिक शोभतात. ‘बेसिकली’ने वाक्य उघडण्याची सवयही सोडावी. तो शब्द काढून वाक्य वाचा. बहुधा काहीच बिघडत नाही.

‘इररिगार्डलेस’ची गोष्ट निराळी आहे. ‘रिगार्डलेस’मधील ‘लेस’ हाच नकार. त्यापूर्वी पुन्हा ‘इर’ हा नकार जोडणे म्हणजे कोणी ‘बेनिरर्थक’ म्हणावे तसे झाले. एका विद्यार्थ्यास मी हे दाखविले, तेव्हा त्याने लगेच उत्तर दिले : ‘गुरुजी, शब्द कोशात आहे!’ आणि तो खरोखरच आहे. परंतु कोश म्हणजे परवाना नव्हे. कोशकाराचे काम वापरात असलेला शब्द नोंदविण्याचे. तो कोठे वापरावा, ते शब्दापुढील बारीक अक्षरांत असते. तेथे ‘इन्फॉर्मल’, ‘स्लँग’ किंवा ‘नॉन-स्टँडर्ड’ असे लिहिलेले असेल, तर अर्जापुरता तो शब्द उंबऱ्याआतच ठेवावा. इ. स. १९६१ मध्ये अमेरिकेत वेबस्टरचा तिसरा महाकोश प्रसिद्ध झाला. त्यात ‘एन्ट’ हा शब्द पुष्कळ सुशिक्षित लोकही बोलण्यात वापरतात, अशी नोंद होती. वृत्तपत्रांनी केवढे काहूर उठविले! कोशाने भाषा बुडविली, येथपर्यंत मजल गेली. कोशकारांनी वापर नोंदविला होता. अर्जात लिहा, असे सांगितले नव्हते.

शब्दाचे स्थान कायमचे असते, असेही नाही. इ. स. १७१० मध्ये जोनाथन स्विफ्टने ‘टॅटलर’ पत्रातून ज्या काटछाट केलेल्या शब्दांवर राग काढला, त्यांत ‘मॉब’ हा एक होता; एका लांबलचक लॅटिन शब्दप्रयोगाचा तो तोडलेला तुकडा. आज तो न्यायालयाच्या निकालपत्रातही निर्वेध चालतो. शब्दाचे कूळ जन्मावरून ठरत नाही. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेत मी हे मुद्दाम बोलतो आहे, असे कोणी समजू नये. पण समजल्यास माझी हरकत नाही.

येथवर मुले मान खाली घालून बसली होती. आता पालकांची पाळी. मुलाच्या पत्रातील ‘गॉना’ खोडून वडील तेथे ‘काइंडली डू द नीडफुल’ असे घालतात, आणि इंग्रजी उच्च प्रतीचे झाले असे मानतात. हा प्रयोग एके काळी विलायतेतच रूढ होता. तेथे तो मागे पडला, आपल्या कचेऱ्यांनी जपून ठेवला. वाचणाऱ्याने काय करावे, ते त्यातून कळतच नाही. हवे ते स्पष्ट मागावे. असले कचेरीचे जड इंग्रजी तिकडच्या सरकारलाही नकोसे झाले होते. म्हणूनच अर्नेस्ट गॉवर्स यांनी इ. स. १९४८ मध्ये ‘प्लेन वर्ड्‌स’ हे छोटे पुस्तक सरकारी नोकरांसाठी लिहिले.

‘रिव्हर्ट’चा अर्थ पूर्वस्थितीवर येणे, उत्तर पाठविणे यासाठी ‘रिप्लाय’ आहे. ‘आय पास्ड आउट’ असे लिहिले, तर इंग्रज वाचकास हा उमेदवार बेशुद्ध पडला होता असे वाटेल. लष्करी प्रबोधिनीतून बाहेर पडणाऱ्या छात्रांपुरता तो प्रयोग तेथे चालतो. आपण ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणावे. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ नको. ‘कझिन’ला ‘ब्रदर’ची शेपटी नको, जरी आपल्या मनास चुलत आणि मावस यांचा भेद सांगितल्यावाचून चैन पडत नसले तरी. ‘प्रीपोन’ मला स्वतःला फार आवडतो. ‘पोस्टपोन’ला इतका सरळ जोडीदार मूळच्या धन्यांना सुचला नाही. इंग्रजी कोशांनी आता तो भारतीय प्रयोग म्हणून घेतलाही आहे. तरी परदेशी पाठवावयाच्या पत्रात ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहावे.

‘रिस्पेक्टेड सर’विषयी नेहमी विचारणा होते. ‘डिअर’ म्हणजे ‘प्रिय’, वडीलधाऱ्यांस प्रिय कसे म्हणावे, हा आपला संकोच मी जाणतो. इकडच्या प्राचार्यांस तसे लिहिण्यास प्रत्यवाय नाही. परदेशी मात्र ‘डिअर सर ऑर मॅडम’ हाच मायना; तेथे त्यात सलगी नसते. नाव न लिहिता असा मायना केल्यास शेवटी ‘युअर्स फेथफुली’, नावाने केल्यास ‘युअर्स सिन्सिअरली’, ही ब्रिटिश रीत आहे.

हल्ली यंत्राकडून सबंध पत्र लिहवून घेण्याचीही सोय झाली आहे. यंदा तीन पत्रे मजपुढे आली, त्यांत मुलांची नावे तेवढी निराळी होती. त्यांत अशुद्ध शब्द एकही नव्हता, आणि मूलही कोठे नव्हते. त्यापेक्षा ‘किड्स’ लिहिणारी मुलगी मला अधिक दिसली; तिच्या पत्रातील एक शब्द बदलला की काम भागत होते.

पुढील वर्षाचे अर्ज मार्गशीर्षापर्यंत यावयाचे आहेत. पाठविण्यापूर्वी ज्यांना पत्र तपासून हवे असेल, त्यांनी रविवारी सकाळी ज्ञातिगृहात यावे; नऊ ते अकरा मी तेथे असतो. मसुदा स्वतः लिहिलेला असावा, आणि कोश आपापला आणावा. संस्थेच्या कोशाची ‘एस’पासूनची पाने कोणीतरी नेली आहेत.