घरांतील धूळ आणि निलगिरीचें तेल



आजचा विषय ऐकून कोणी म्हणेल, "मास्तर, धूळ ती धूळ, तिच्यावर व्याख्यान तें काय द्यायचें?" खडूच्या धुळींत ज्याचें आयुष्य गेलें, त्या मलाही पूर्वीं असेंच वाटे. परंतु दोन पावसाळ्यांपूर्वीं माझ्या नातवास दम्याचा विकार जडला आणि या क्षुद्र वस्तूकडे लक्ष देणें भाग पडलें.

मुलगा दिवसभर बागडे. पण रात्रीं अंथरुणावर पडला, कीं शिंका, खोकला आणि धाप सुरू होई. याचें कारण अंथरुणांतच होतें. १९६४ सालीं हॉलंडमधील लायडेन येथें फोरहोर्स्ट व स्पीक्स्मा यांनीं दाखवून दिलें, कीं घरच्या धुळीमुळें होणाऱ्या दम्याचें मूळ पुष्कळदां तींत राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवांत असतें. इंग्रजींत त्याला माइट म्हणतात. हा कीटक नव्हे. आठ पायांचा, कोळ्याच्या कुळांतला. याची लांबी मिलिमीटरच्या तृतीयांशाच्या आसपास असते. तो चावत नाहीं, रक्त शोषीत नाहीं. आपल्या अंगावरून झडणारा कोंडा हें त्याचें मुख्य अन्न. पाणी तो पीत नाहीं. हवेंतील ओलावाच शोषून घेतो. म्हणून आपल्या कोंकणपट्टीची दमट हवा आणि कापसाची उबदार गादी म्हणजे त्याला माहेरघरच होय.

खरा अपाय होतो तो त्याच्या विष्ठेनें. तिच्यांतील प्रथिनें श्वासाबरोबर आंत जातात व ज्यांची प्रकृति तशी असेल त्यांचा दमा चाळवतात. तेव्हां नुसता कोळी मारून भागत नाहीं. त्याची घाणही धुऊन काढली पाहिजे.

हें न समजल्यामुळें मी एक चूक केली, ती सांगतों. निलगिरीच्या तेलानें हे जीव मरतात असें कानावर आलें. लगेच मीं नातवाच्या उशीवर तेल शिंपडलें. त्या रात्रीं त्याची धाप उलट वाढली. उग्र वासानेंही दमेकऱ्याचा श्वास कोंडतो, हा धडा या वयांत मला मिळाला.

तेलाची योग्य योजना निराळी आहे. १९९७ सालीं ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथें टोव्ही व मॅक्डोनाल्ड यांनीं ती प्रसिद्ध केली. निलगिरीचें झाड मूळचें त्याच देशाचें. आपल्याकडे निलगिरी पर्वतावर त्याची लागवड झाली, म्हणून हें नांव. सुमारे ५५ अंशांहून अधिक उष्ण पाण्यांत हे जीव मरतात. पण लोंकरीचीं वस्त्रें असें पाणी सोसत नाहींत, आणि साध्या थंड पाण्यानें घाण गेली तरी जीव धाग्यांना चिकटून जिवंत राहतात. तेथें हें तेल उपयोगी पडतें.

दहा लिटर पाण्यास वीस मिलिलिटर तेल घ्यावें. तेल व पाणी एकत्र होत नाहीं, म्हणून तें आधीं थोड्या पातळ साबणांत चांगलें घोटावें. हें मिश्रण थोडेंसें पेलाभर पाण्यांत टाकून पाहावें. पाणी दुधासारखें झालें तर ठीक, तेलाचा तवंग आला तर साबण बदलावा. अभ्रे, चादरी, पांघरुणें या पाण्यांत अर्धा ते एक तास भिजवावीं, मग नेहमीप्रमाणें धुऊन, भरपूर पाण्यांत खळबळून कडक उन्हांत वाळवावीं. वास पुरता गेल्यावरच तीं वापरावीं. लवंगेच्या तेलांतील यूजेनॉल या द्रव्यानेंही हे जीव मरतात, असें कोरियांतील संशोधकांनीं २००३ सालीं दाखविलें आहे. परंतु लवंगेचें तेल त्वचेस झोंबतें, म्हणून कपड्यांसाठीं मी त्याची शिफारस करीत नाहीं.

दोन इशारे देतों. हें तेल पोटांत गेल्यास विषारी आहे; लहान मुलास थोडेंही घातक होऊं शकतें. बाटली कुलुपांत ठेवावी. दुसरें, धुण्यानें औषधाचें काम होत नाहीं. डॉक्टरांचें औषध आपल्या मनानें बंद करूं नये.

राहिली गादी. ती कांहीं बादलींत मावत नाहीं! तिला आपल्या आजीबाईंचा उपाय करावा, ऊन दाखवावें. कडक उन्हांत पसरलेल्या गालिच्यांतील हे जीव मरतात, असें १९९४ सालीं सिडनी येथेंच सिद्ध झालें. मात्र ऊन दिल्यावर गादी बाहेरच झटकावी, आणि दमेकऱ्यानें तेथें उभें राहूं नये.

आमच्या घरीं आतां दर पंधरवड्यास हा विधि होतो. नातवाचें औषध चालूच आहे. पण रात्रीं उठून बसण्याची पाळी क्वचित् येते. श्रेय एकट्या तेलाचें नव्हे; औषध, ऊन, पाणी आणि सुनेची चिकाटी या सर्वांचें आहे. आपल्या घरांतही कोणी लहानगें रात्रीं खोकत असेल, तर डॉक्टरांना विचारा आणि एकदां त्याची उशी हातांत घेऊन पाहा.