पाना आपल्याही हाताचा
(राहुरी येथे बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



आज मी कायद्यावर बोलणार नाही. न्हाणीतल्या नळावर बोलणार आहे. हसू नका, आधी ऐका.

नवऱ्याचं घर सोडून मी राहुरीत भाड्याच्या खोलीत आले. महिन्याभरात न्हाणीतला नळ गळायला लागला. दुरुस्तीवाला दाराशी येऊन म्हणाला, "घरात कोणी नाही का?" मी त्याच्या समोरच उभी होते! चार दिवसांनी तो परत आला. नळ हलेना, तेव्हा पान्याच्या दांड्याला लांब पाइप लावून त्यानं जोर केला. नळ निघाला नाहीच, भिंतीतला एल्बो मात्र फुटला. फरशी फोडावी लागली आणि मालकानं डिपॉझिटमधून पैसे कापले.

आपल्या जिल्ह्यात, संगमनेरला, १९८८ साली परित्यक्ता स्त्रियांची परिषद झाली. टाकलेल्या बाईच्या हक्काची गोष्ट तिथं चारचौघांत मांडली गेली. पण घर मिळालं की ते चालवावंही लागतं. नळासाठी कुणाची वाट बघत बसायचं, हीही परवशताच. म्हणून मी हे काम शिकले.

नळ अडकतो कशानं? विहिरी-बोअरचं पाणी जड असतं, त्यातले क्षार आट्यांत साचून घट्ट बसतात. लोखंडी पाइप गंजतो. जुन्या जोडांत सुतळी आणि सफेदा वाळून दगड झालेला असतो. म्हणजे अडकलंय ते या थरामुळं. जोर लावण्याआधी हा थर सैल करायचा.

आधी वरचा कॉक बंद करा आणि नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. मोरीच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर बारीक वस्तू आत जाते. भिंतीलगतची चकती मागं सरकवा. जोडावर पांढरे क्षार दिसले तर लिंबाच्या रसात भिजवलेलं फडकं अर्धा-पाऊण तास गुंडाळा, मग धुऊन पुसा. रात्रभर ठेवू नका, नळाची चकाकी जाते. नंतर आट्यांच्या तोंडाशी गंज सोडवणारं तेल थेंब थेंब सोडा आणि रात्रभर मुरू द्या.

तरी हलला नाही, तर धातूच्या जोडाला गरम पाण्याचं फडकं लावा, मग गार होऊ द्या. पितळ आणि लोखंड सारखं फुगत नाही, त्यानं आतला थर तडकतो. पाइप प्लॅस्टिकचा असेल तर हे करू नका. आणि तेल लावलेल्या जागी ज्योत कधीच नेऊ नका.

आता पाना. नळाच्या पैलूंवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा आणि त्यावर स्क्रू पाना घट्ट बसवा. दातेरी पाइप पाना चकचकीत नळाला लावू नका, ओरखडे पडतात. पाइप उघडा असेल तर दुसऱ्या पान्यानं तो धरून ठेवा, म्हणजे पीळ भिंतीत जात नाही. आधी किंचित आवळा, मग घड्याळाच्या उलट दिशेला सैल करा. थोडं पुढं, थोडं मागं. एकदा 'कट्' आवाज झाला की समजा, सुटला. नाहीच हलला तर थांबा, पुन्हा तेल सोडा. लांब दांडा लावायचा मोह मात्र नको. आणि प्लॅस्टिकचा चिकटवलेला जोड फिरवून सुटत नसतो, तो कापावाच लागतो.

कुणी विचारेल, "म्हणजे हेही काम आमच्याच गळ्यात का?" प्रश्न बरोबर आहे. पुरुषानं भाकरी थापायला शिकावी, ही मागणी आपण सोडलेली नाही. पण येणं आणि करावंच लागणं, यात फरक आहे. काम येत असलं की कामाला आलेल्या माणसाची घाईही ओळखता येते आणि त्याला "थांबा" म्हणता येतं.

१९७२-७३ मध्ये मुंबईत बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर आल्या. पाण्यासाठी लढल्या म्हणून मृणाल गोरेंना लोक 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यात नव्वदच्या दशकात खेड्यातल्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पाणी भरणारीनंच पंप खोलायचा, एवढी साधी गोष्ट!

तेव्हा मंडळाच्या पैशातून दोन पाने घेऊ या आणि आळीपाळीनं वापरू या. चहा झाला की मागच्या न्हाणीत या. तिथला नळ काल रात्रीपासून तेलात मुरतोय. मी फक्त बघणार, सोडवायचा तुम्ही.